काजळलेल्या सहा पुंगळ्या

वसंत बाबाजी चाळके यांच्यावर अन्याय झाला. कधी, तर सन दोन हजारच्या सप्टेंबरमधल्या दुसऱ्या शुक्रवारी, सकाळी पावणेसात वाजता. कुठे, तर उम्म अल कुवैनमधल्या एका शूटिंग क्लबच्या तिसऱ्या लेनवर. त्या वेळी ते स्वतः तिथे नव्हतेच. ते खेडजवळच्या आपल्या गावी गणपतीच्या रजेवर होते.

मामा, बघ, पहिल्याच परिच्छेदात कोण, कधी, कुठे, सगळं आलं. पत्रक असं सुरू करायचं हे मी पुण्याला कॉलेजात आल्यावर शिकले. पण तुला ‘ते’ म्हणणं मला जमत नाही. तू म्हणजे तू. तुला जाऊन नऊ दिवस झाले आणि माझं तुझ्याशी भांडण अजून अर्ध्यावर आहे.

शारजात, आमच्या अल नहदाच्या बिल्डिंगमध्ये तुझं काम कुणालाच नीट कळलं नव्हतं. आर्मीत तू आर्मरर होतास, म्हणजे हत्यारं तपासणारा, दुरुस्त करणारा. पेन्शन घेऊन तू इकडे आलास आणि क्लबच्या मागच्या खोलीत, क्लबच्या परवान्यावर, मेंबरांसाठी रायफलची काडतुसं हाताने भरायला बसलास. उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी साफ करायची, बुडाला ठिणगी पाडणारा नवा प्रायमर बसवायचा, पावडर तोलून घालायची, वर गोळी बसवायची. दिवसभर तेच, एकेक. कारखान्याच्या मालापेक्षा हाताने भरलेलं काडतूस नेमकं लागतं, म्हणून हौशी मेंबर तुझ्या खोलीबाहेर ताटकळायचे. तुला ‘शेफ’ म्हणायचे. आई म्हणायची, “दादा, शेफ म्हणतात तर एकदा घरी भाकऱ्या थाप की.”

पुंगळ्या तू आमसुलाच्या पाण्यात धुवायचास. गावाकडे देवाची भांडी घासतात तशा. क्लबमध्ये त्यासाठी परदेशी केमिकलची बाटली होती, ती तशीच भरलेली राहिली. आई सोलकढी करायला बसली की आमसुलं गायब. “दादा, पुन्हा माझी आमसुलं बंदुकीला घातलीस?” तू दाराआड हसायचास. शुक्रवारी शेअर टॅक्सीने यायचास, एका हातात पेपरात गुंडाळलेली सुरमई, शर्टाच्या खिशात रुमालात बांधलेल्या चार-सहा रिकाम्या पुंगळ्या. तुझ्या बोटांना पितळाचा आणि आमसुलाचा मिळून एक आंबट वास असायचा. पुण्यात मी तो वास शोधते. तांबट आळीत गेले, तिथे पितळ आहे, पण तो वास नाही.

बाल्कनीत टॉवेल पसरून तू त्या पुंगळ्या ओळीने उभ्या करायचास. समोर तेव्हा नुसती वाळू होती आणि एकच क्रेन. मी बारा वर्षांची, शाळेतून इंग्लिश चिकटलेली.

“मामा, दे आर जस्ट डर्टी,” मी म्हणाले.

“डर्टी नाय गो, बाय. लिहिलंय त्यावर. वाच.”

आणि तू वाचायला शिकवलंस. बार उडाला की दाबाने पितळ फुगतं, नळीच्या मागच्या भागाला घट्ट बसतं आणि धूर मागे येऊच देत नाही. दाब कमी पडला तर पितळ पुरतं फुगत नाही, धूर फटीतून मागे येतो, पुंगळीच्या मानेवर काजळी धरते. नुसती मान काळी असेल तर घाबरायचं कारण नाही. काजळी मानेखालच्या खांद्यापर्यंत उतरली तर विचार करायचा. बुडाचा प्रायमर केसभर वर आलेला दिसला, नेम धरूनही गोळ्या कागदावर खाली खाली लागायला लागल्या, तर काम बंद.

“जास्त पावडरीला सगळे घाबरतात,” तू म्हणायचास. “कमीला कोण घाबरत नाय. थोडी कमी पडली तर काय, सेफच आहे, असं म्हणतात. अरे, फारच कमी पडली तर गोळी बाहेरच पडत नाय, नळीत अडकते. आवाज येतो फुस्स. माणूस म्हणतो फुसका निघाला, दुसरा घाल. पुढे अडकलेली गोळी, मागून दुसरी. खलास.”

मग आम्हाला पाठ करायला लावलंस: आवाज बारीक आला की थांबा, बोल्ट, म्हणजे नळीचा मागचा अडसर, काढा, नळीतून उजेड बघा, उजेड दिसला तरच पुढचं. मला पाठ, आईला पाठ. बाबांनाही पाठ होतं. ते हमरिया फ्री झोनमधल्या एका फर्मच्या अकाउंट्समध्ये, बंदुकीशी त्यांचा संबंध एवढाच की त्यांच्या फर्मचे पार्टनर तुझ्या क्लबचे मेंबर होते आणि त्यांनीच बाबांच्या शब्दावर तुला तिथे लावलं. बाबा तुझी चेष्टा करायचे. गाडी सुरू होताना घरघरली की म्हणायचे, “वसंतराव, आवाज बारीक आला. बोल्ट काढू का?” आणि तू म्हणायचास, “काढा भावोजी, आणि चालत जा हमरियाला.”

मामा, हे हसणं मला इतकं हवंय आत्ता.

काजळीच्या मागे तू कसा लागायचास तेही मला सांगायचंय, कारण आपलं भांडण तिथूनच सुरू झालं. एका हिवाळ्यात पुंगळ्या काळ्या यायला लागल्या. तू पहिल्यांदा तराजू तपासलास. दुपारी बरोबर, सकाळी चूक. दोन दिवस डोकं खाजवलंस. मग कळलं, सकाळी क्लीनर एसीचा झोत सरळ टेबलावर करून जायचा, वारा तराजूच्या पारड्यावर दाबायचा आणि पावडर कमी असतानाच काटा मध्यावर यायचा. तेव्हापासून तोलताना तू एसी बंद करायचास आणि घाम पुसायला गळ्यात पंचा. तरीही अधूनमधून काजळी येतच राहिली. मग पुंगळ्यांच्या माना पाहिल्यास. पुन्हा पुन्हा वापरून त्या कडक झाल्या होत्या, गोळीला आवळून धरत नव्हत्या. त्या तापवून मऊ केल्यास. पुन्हा पाच बार, पुन्हा टॉवेल.

मी वैतागले होते. “सगळं एकदम बदल ना! नवा तराजू, नव्या पुंगळ्या, नवी पावडर. खलास.”

“मग कळणार कसं, बाय, चूक कुणाची होती?”

तू एका वेळी एकच गोष्ट बदलायचास. मला ते तेव्हा भित्रेपणाचं वाटलं. नंतरही बरीच वर्षं वाटलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात क्लबच्या मॅनेजरने पावडरीच्या डब्यांसाठी फ्रिज आणला. गरमीत पावडर बिघडते, हे त्याने कुठेतरी ऐकलं होतं. “लो चाळके, तुम्हारे बारूद के लिए फ्रिज. तुम्हारे रूम में भी नहीं है ऐसा!” तू थँक्यू म्हणालास आणि त्याच दिवशी फ्रिजच्या दारावर हिंदीत आणि इंग्लिशमध्ये कागद चिकटवलास: डबा आज बाहेर काढा, उद्या उघडा. कारण साधं होतं. किनाऱ्यावरच्या त्या दमट हवेत एसी गाडीतून उतरलं की चष्म्यावर पाणी धरतं. गार डबा लगेच उघडला की तेच पाणी पावडरीवर धरणार. ओली पावडर तराजूत पुरेपूर भरते, नळीत मात्र नीट जळत नाही. मॅनेजर हसला होता. म्हणाला, “चाळके, तुम चटनी भी ऐसे ही बनाता है क्या?”

मग तू गणपतीला गेलास.

गुरुवारी संध्याकाळी मॅनेजरला कळलं की शुक्रवारी पाहुणे येणार आणि भरलेले बॉक्स नाहीत. त्याने स्टोअरकीपरला खोलीत बसवलं. फ्रिजमधून डबा निघाला आणि पाच मिनिटांत उघडला गेला. काडतुसं भरली, तुझ्या नावाच्या छापील चिठ्ठ्या ड्रॉवरमध्ये होत्याच, त्या बॉक्सवर लागल्या. हे सगळं स्टोअरकीपरने तुला नंतर खासगीत सांगितलं. लिहून दे म्हटल्यावर त्याने हात जोडले.

सकाळी तिसऱ्या लेनवर बाबांच्या फर्मचे पार्टनर पालथे झोपून नेम धरत होते आणि पाहुणा म्हणून बाबा मागच्या बाकावर. एक ते सहा गोळ्या कागदाच्या खालच्या कडेला लागल्या. सातव्याचा आवाज फुस्स आला. त्यांनी बोल्ट ओढला, आठवं घातलं. नळी फाटली. डाव्या हाताची दोन बोटं गेली त्यांची. त्या माणसाबद्दल मला काही वाईट लिहायचं नाही. त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

त्या दुपारी बाबा घरी आले, अंघोळ केली, जेवायला बसले. मी समोर होते. बाबा म्हणाले, “सातवा बारीक वाजला होता गं.”

आईने विचारलं, “मग थांबवलं नाहीत?”

“पार्टनरला काय सांगणार मी, थांबा म्हणून?” मग त्यांनी भात मागितला, आणि आईने वाढला. त्यानंतर आमच्या घरात हे वाक्य पुन्हा कुणी उच्चारलं नाही. मी सोळा वर्षांची होते, तोंड होतं मला. मीही नाही.

तू परत आलास तेव्हा निकाल लागून गेला होता. चाळकेने दुप्पट पावडर भरली, नळी फाटली. मॅनेजरच्या टेबलावर तो बॉक्स होता. काडतूस उडालं की पुंगळी उलटी करून पुन्हा बॉक्सच्या खणात ठेवायची, ही शिस्त तूच मेंबरांना लावलेली. त्यामुळे पहिल्या सहा पुंगळ्या तिथेच होत्या. टेबलापलीकडून तू त्या पाहिल्यास. खांद्यापर्यंत काळ्या. जास्त पावडरीच्या पुंगळीवर अशी काजळी कधी धरत नाही. आणि उरलेली बारा काडतुसं शाबूत.

तू मला नंतर अगदी शब्दाशब्दाने सांगितलंस. तू म्हणालास, “साब, डबल तो आता ही नहीं इसमें. गिर जाएगा बाहर. बारह बाकी हैं. खोलिए, तौलिए, उँगली से देखिए गीला है कि नहीं. बस इतना.”

“खलास चाळके. फाइल बंद.”

एवढंच मागितलं होतंस तू. पगार नाही, नोकरी नाही. बारा काडतुसं उघडून बघा. दहा मिनिटांचं काम! ते कुणी केलं नाही, आणि पुढच्या आठवड्यात तो बॉक्सच कुठे गेला ते कुणाला माहीत नाही. तुझ्या हातात कागद आला: काडतुसं भरताना हलगर्जी. व्हिसा कॅन्सल.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तू आमच्याकडे जेवायला होतास. हात धुता धुता, अगदी सहज विचारलंस, “भावोजी, आवाज कसा होता हो सातव्याचा?”

बाबा म्हणाले, “लक्षात नाही वसंतराव. गडबड होती.”

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. तू माझ्याकडे पाहिलंस. मी फ्रिज उघडून पाण्याची बाटली शोधायला लागले, ती समोर होती तरी. मामा, साडेतीन वर्षं मी ती बाटली शोधते आहे.

गावी तू शिलाई मशिनं दुरुस्त करायला लागलास. बाया म्हणायच्या, चाळक्यांच्या वसंताने हात लावलेलं मशिन पुन्हा अडत नाही. आणि त्यांचेच नवरे पारावर सांगायचे, दुबईत शेखाची बोटं उडवून आला. ना दुबई, ना शेख. तू कधी कुणाला दुरुस्त केलं नाहीस. तालुक्याला पोरांच्या रायफल ट्रेनिंगसाठी माणूस हवा होता. तू फौजेचे कागद घेऊन गेलास, त्यांनी गल्फचा कागद मागितला, तू तोही दिलास. मामी म्हणाली, “तो कशाला दाखवलात?” तू म्हणालास, “मागितला म्हणून.” कळवतो म्हणाले. कुणी कळवलं नाही. त्यानंतर रोज दुपारी पोस्टमन येऊन गेला की तू ओटीवरून उठायचास, हे मामीने मला परवा सांगितलं.

गेल्या मे महिन्यात मी पुण्याहून पत्रकाचा कच्चा खर्डा घेऊन आले. दोन वर्षं मोर्चात हिंडलेली, पाठीला पिशवी, घसा बसलेला. ओटीवर बसून तुला वाचून दाखवलं. मॅनेजर दोषी, क्लब दोषी, व्हिसाची पद्धत दोषी, पार्टनर दोषी, भांडवल दोषी.

तू चष्मा पुसलास. “यातलं कोणतं?”

“सगळंच!”

“बाय, एवढी उद्गारचिन्हं घातलीस. एकाने काम होत नाय काय?”

मी हसले नाही. तू खर्डा हातात घेतलास, बोट लावत लावत खाली आलास आणि बाबांच्या नावावर थांबलास.

“हे काढ.”

“मामा, सगळ्या पत्रकात तेवढं एकच असं आहे, जे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय!”

“म्हणूनच काढ. मॅनेजरला माहीत नाय, त्याला सांग. भावोजींना माहीत आहे. ज्याला माहीत आहे त्याला पत्रक कशाला वाटायचं?”

“मग त्यांनी बोलावं!”

“बोलतील. आतून बोलतील कधीतरी. त्यांनी मला तिकडे नेलं होतं, गो. तुझी शाळा चालू होती, घर होतं. मी असतो तर मीही कदाचित...” आणि मग तू थांबलास, कारण खोटं तुला धड बोलता यायचं नाही. तू असतास तर ओरडला असतास. पार्टनर असो की शेख असो, तू रायफल हातातून काढून घेतली असतीस.

मी खर्डा ओढून घेतला. म्हणाले, तू भित्रा आहेस. हेच म्हणाले. मामी आतून घावने वाढून घेऊन आली होती, मी न खाता एसटी पकडली. तू फाट्यापर्यंत मागून आलास, पिशवीत रुमालात बांधलेले घावने दिलेस, आणि ‘पोचलीस की फोन कर’ म्हणालास. मी केला नाही. दिवाळीला परीक्षा होती, संक्रांतीला मोर्चा होता. मग तुझा नाही, मामीचा फोन आला.

तू भित्रा नव्हतास. हे मी तुझ्या तोंडावर म्हणायला हवं होतं. तू एका वेळी एक गोष्ट तपासत होतास आणि शेवटी फक्त एकच उरली होती, एका माणसाचे कान. ती तुला हात लावून तपासता येत नव्हती, कारण तो तुझ्या बहिणीचा नवरा होता. माझ्या खर्ड्यात बाबांखेरीज आणखी पाच दोषी होते, म्हणून तो कुणालाच लागला नाही. हे मला तुझ्या ओटीवर, तू नसताना, सहा दिवस बसल्यावर कळलं. तुझं ऐकून मी बाकीचं सगळं काढलं, आणि तू काढ म्हणालास तेवढंच ठेवलं. रागव. येऊन रागव. ‘काय गो’ म्हण, मी सगळं फाडून टाकते.

नाही येत ना.

मग आता मी वाचणाऱ्यांशी बोलते. याच्या प्रती गावात वाटणार आहे आणि शारजात आमच्या ओळखीच्या प्रत्येक घरी पोस्टाने जाणार आहेत. तुम्हा सगळ्यांना मागायचं असं माझ्याकडे काही नाही. वाचणाऱ्यांत एकच माणूस असा आहे, ज्याच्याकडे मागणी आहे.

बाबा, तुमच्याशी बोलते आहे. पार्टनर परत गेले, मॅनेजर बदलला, तुम्ही आता दुसऱ्या फर्ममध्ये आहात. तुमचं काही जाणार नाही. आणि जाणार असतं, तरी मी हेच मागितलं असतं. क्लबला पत्र लिहा, एक प्रत मामीला पाठवा. ती लोकांना दाखवेल, नाही दाखवणार, तिची मर्जी. मजकूर मोठा नको. सातव्या काडतुसाचा आवाज बारीक आला होता. तो मी ऐकला. आवाज बारीक आला की थांबायचं असतं हे मला माहीत होतं, आणि मी थांबवलं नाही. खाली तुमचं पूर्ण नाव, सही. त्याखाली मी माझी करीन: त्या दुपारी जेवताना मी हे ऐकलं आणि गप्प राहिले.

आज लिहा, बाबा. जेवायच्या आधी.